बाबांच्या पाठीवरचे तीळ

प्रिय बारक्या,

अक्षर ओळखलं असशीलच. नऊ वर्षांनी लिहितोय म्हणून लगेच फाडू नकोस. आधी पूर्ण वाच, मग काय फाडायचं ते फाड.

गेल्या महिन्यात माझ्या पाठीवरचा एक तीळ काढला. मला तो कसा दिसणार? तुझ्या वहिनीच्या नजरेला पडला. कडा वेड्यावाकड्या, रंग दोन. तपासणीत त्वचेचा कर्करोग निघाला. वेळेत सापडला, त्यामुळे आता बरा आहे. भूक लागते, वहिनीशी भांडतो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, उन्हात काम करता का? मला हसूच आलं. उभा जन्म फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत गेला, स्टुडिओतले मला घुबड म्हणायचे. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होता का? मी बाबांचं सांगितलं, तेही याच रोगानं गेले. लहानपणी आपण त्यांच्या पाठीवरचे तीळ मोजायचो, आठवतं? तू दरवेळी चाळिसाच्या पुढे अडखळायचास आणि पुन्हा एकपासून सुरू करायचास. तोवर बाबा पालथेच घोरायला लागायचे.

बाई म्हणाल्या, हा रोग बहुतेकांना उन्हामुळेच होतो, पण थोड्या घराण्यांत त्याचा धोका जनुकांतूनही उतरतो. माझं रक्त तपासलं. जनुकात दोष निघाला, बहुधा बाबांकडून आलेला. रोग होणारच असं नाही, धोका मात्र मोठा. तुझ्यातही तो दोष असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तुझं आयुष्य लोकांच्या छपरांवर पत्रे ठोकण्यात गेलं.

बाबा गेले त्या दिवशी चार माणसांसमोर मी तुला म्हणालो होतो, तुझ्या छपरांवर उन्हात राबवून तू त्यांना मारलंस. तू उठलास. चपला घातल्यास आणि गेलास. उन्हानं भर घातलीही असेल, किती ते बाईंनाही सांगता येत नाही. पण बाबा स्वतःच्या हौसेनं तुझ्याबरोबर यायचे, घरी त्यांचा जीव रमायचा नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी बोललो. मी चुकलो, बारक्या.

तू एकटा राहतोस. तुझी पाठ कोण बघणार? रविवारी सकाळी मी येतो. दार उघड, सदरा काढ आणि मला बघू दे. सोमवारी बाईंकडे तुझं नाव लावून ठेवलंय. शिव्या द्यायच्या असतील तर दवाखान्याच्या वाटेवर दे, वाट लांबची आहे.

तुझाच,
दादा