बारा शब्दांची वाटणी

४ मे

झालं! वॉलेट बसलं!

सकाळपासून कॉम्प्युटरला चिकटून होते. फाइल उतरवली ती मूळ साइटवरूनच — पत्ता अक्षर न् अक्षर तपासून. मग ती फाइल खरी की कुणी मध्ये हात मारलाय, हे बघायचं. साइटवर आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ दिलेली असते. आपल्या फाइलची ओळ काढायची आणि दोन्ही जुळवायच्या. दादा मागे उभा राहून जांभया देत होता. "अगं प्रोफेसर, पाहुण्याला दारात उभं करून वंशावळ विचारतेस का? दाब ना एकदाचं इन्स्टॉल!"

नाही दाबलं. जुळलं, मगच दाबलं.

परदेशी कंपनीची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते, त्याचे पैसे डिजिटल नाण्यांत मिळतात. आजवर कंपनीकडेच पडून होते. आता माझ्या वॉलेटमध्ये आले. पुढच्या शिक्षणाची फी! प्रवेशाची मुदत ३० मे. दुसरं शहर, वसतिगृह. घरातली पहिली पदवीधर तर झालेच, आता त्याच्याही पुढे!

५ मे

वॉलेटने बारा इंग्रजी शब्द दिलेत. रोज मी पासवर्डने उघडेन, पण कॉम्प्युटर बिघडला तर हे बारा शब्द क्रमाने टाकायचे — दुसऱ्या कुठल्याही मशीनवर वॉलेट परत येतं. म्हणजे ज्याच्याकडे बारा शब्द, त्याचे पैसे. कागदावर लिहून लपवा म्हणतात. आमच्याकडे लपवायला जागा कुठे? दोन खोल्या, त्यातली एक बाबांच्या रंध्याची आणि भुश्शाची.

जेवताना सगळ्यांना सांगितलं. प्रत्येकाला तीन शब्द. पाठ करायचे, कुणाला सांगायचे नाहीत. बाकीचे नऊ मी विसरणार. एकटं कुणी काही करू शकणार नाही. घर एक झालं तरच कुलूप उघडेल!

आईला अर्थ सांगितले, ती अर्थच पाठ करतेय. त्यातला एक झाडू. "बघा! इथेही माझ्या वाट्याला झाडूच." हसून हसून पोट दुखलं. बाबा म्हणाले, "माझे तीन कुणाला कळायचे नाहीत. पोलिसांनी उलटं टांगलं तरी."

९ मे

दादाला शिकवलं — शब्द टाकून वॉलेट दुसऱ्या मशीनवर कसं आणायचं ते. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे, चटकन कळलं. माझे तीन शब्द बाबांना सांगून ठेवले. मी तिकडे असताना मलाच काही झालं तर? बाबा रंधा मारत होते. "बरं" म्हणाले. एवढंच.

१४ मे

फीला पुरेल एवढं जमलं! आई विचारत होती, एका खोलीत किती मुली, ताप आला तर कोण बघणार. मग भांडी आवरता आवरता — "शिकशील आणि तिकडचीच होशील." मी हसले.

२१ मे

वॉलेट रिकामं आहे.

तीनदा बंद करून उघडलं. शून्य.

दादा म्हणाला, "हॅक झालं असेल. इंटरनेटचं काय खरं असतं?" आई पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबा चपला घालून बाहेर गेले.

२२ मे

रडून झालं. मग डोकं चालवलं.

फाइल पुन्हा जुळवली — खरीच आहे. व्हायरस नाही. आणि या नाण्यांच्या व्यवहाराची नोंद उघड असते, कुणालाही दिसते: परवा दुपारी सगळी रक्कम एका नव्या पत्त्यावर गेली. परवा दुपारी मी कॉलेजात दाखला आणायला गेले होते. कॉम्प्युटर बंद. पासवर्ड माझ्या डोक्यात.

म्हणजे कुणीतरी बारा शब्द टाकून उघडलं. आईचे तीन. दादाचे तीन. बाबांचे तीन — आणि बाबांजवळचे माझे तीन.

एकट्यादुकट्याला चोरी करताच येऊ नये, अशी योजना मीच केली होती. म्हणून चोर एक नाही. तीन आहेत.

घर एक झालं. मला सोडून.

२३ मे

दादाने लगेच कबूल केलं. "हो, मीच. कोपऱ्यावरचा गाळा मिळतोय, स्वतःचं दुकान टाकतो. देईन की परत! पळून चाललोय का?"

"आणि माझा प्रवेश?"

"पुढच्या वर्षी घे. कॉलेज काय उठून जातंय?"

बाबा म्हणाले, "घरातच आहेत ना पैसे? बाहेर कुठे गेलेत?" मी म्हटलं, "पोलिसांनी उलटं टांगलं तरी सांगणार नव्हतात ना, बाबा?" ते रंध्याचं पातं पुसत राहिले. "पोलिसांनी नव्हतं विचारलं," म्हणाले.

आईला विचारलं — तूसुद्धा? "त्याने मागितले. पोटच्या पोराला नाही कसं म्हणू?"

मग मी कोण? शेजारीण?

२७ मे

दादाच्या विनवण्या केल्या. फक्त पाया पडायचं बाकी राहिलं. "दोन दिवस थांब, गाळामालकाशी बोलणी चाललीयेत." मैत्रिणीकडे शब्द टाकला, तिचीच ओढाताण आहे. कंपनी आगाऊ देत नाही. नव्या कॉलेजातल्या बाई फोनवर गोड बोलल्या, पण — "मुदत म्हणजे मुदत. तुझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल."

खरा चोर असता तर बरं झालं असतं. चोराला मी शेजारी बसवून शिकवलं नसतं. चोराच्या हातचं जेवायला लागलं नसतं. आई ताट वाढते, वर बघत नाही. मी जेवते. घास फिरतो तोंडात, तरी जेवते.

कुणाला आपलं म्हणायचं ते तपासायची ओळ कुठल्या साइटवर देतात?

३० मे

पाच वाजले. कार्यालय बंद झालं असेल.

३१ मे

सकाळी कंपनीचं काम जमा झालं का बघायला वॉलेट उघडलं. सगळे पैसे परत आलेत. नेले तेवढेच. पाठवायचा खर्चसुद्धा दादाने पदरचा घातलाय.

"आणि गाळा?" विचारलं.

तो दाराकडे बघत होता. आवाज खाली आणून म्हणाला, "कसला गाळा? आई म्हणाली, मुदत टळू दे, मग ठेव परत."