प्रभूच्या गाडीखालच्या माझ्या लोखंडाची व्यवस्था

मी, भुजंग मारोती गडदे, वय वर्षे बावन्न, धंदा वेल्डिंग, मूळ राहणार साखरा, हल्ली मुक्काम सासरवाडी सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही; हिंगोलीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले की धूर फार गिळला. अशा कागदात 'कोणाच्याही दबावाखाली नसताना' असे लिहिण्याची रीत आहे. हा कागद लिहिताना दबाव नाही, एवढे खरे. बाकीच्या आयुष्याबद्दल मी तसे लिहून देणार नाही.

'हल्ली' म्हणजे अठ्ठावीस वर्षे. माझे सासरे लिंबाजी देवकते, घरात सगळ्यांचे बापू, यांना मुलगी नर्मदा, आणि तिच्या मागे बऱ्याच वर्षांनी झालेला मुलगा प्रभू. स्टँडजवळ त्यांचे वेल्डिंगचे दुकान, पण हाताखाली भरवशाचा माणूस नाही. म्हणून मला घरजावई करून घेतले. आमच्याकडे मेंढरे आणि कोरडवाहू शेत, वडिलांना सोयरीक पसंत पडली. मला कोणी विचारले नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी नर्मदाबाईला म्हणालो, "चल, साखऱ्याला जाऊ." ती म्हणाली, "बापूला टाकून?" मी पुन्हा तो विषय काढला नाही.

माझ्या पश्चात व्यवस्था अशी.

कलम १. साखऱ्याचे माझ्या वाट्याचे शेत आणि एक खोली मुलगी सीमा हिला द्यावी. इतकी वर्षे हे शेत माझा धाकटा भाऊ अंगद पाहतो. त्याने कधी बांध कोरला नाही. सख्ख्या भावाबद्दल एवढे लिहिता येते, हेच पुष्कळ झाले.

कलम २. वेल्डिंगची मशीन, ग्राइंडर, ऐरण सगळे दुकानाचे, म्हणजे प्रभूचे. माझी स्वतःची एक हातोडी, एक गुण्या आणि डोळ्यांपुढे धरायची काळी काच. हातोडी अंगदला. गुण्या सीमाला, काटकोन पाहायला घरात कामी येतो. काच कोणालाच देऊ नये, फोडून टाकावी.

इथे एक जुने राहिलेले सांगतो. प्रभू मला घरात 'दाजी' म्हणतो आणि गिऱ्हाइकापुढे 'आमचा मिस्तरी'. मी मेल्यावर तरी त्याने दोन्हीकडे एकच म्हणावे. कोणते ते त्याने ठरवावे.

कलम ३. लाल गाडी. ही गाडी प्रभूची आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. १९९५ साली, तेव्हा आपला जिल्हा परभणीच होता, त्याने ती हैदराबादेतून ट्रकवर घालून आणली. दोन दारांची, बुटकी, परदेशी, कधीकाळी शर्यतीत पळालेली. मूळचे इंजिन गेलेले. त्याने दुसरे, दुप्पट ताकदीचे इंजिन आणले आणि मला म्हणाला, "दाजी, एवढी गाडी पळती करून द्या. मंग दुकान मी बघतो, तुमी मोकळे. साखऱ्याला जा, न्हाईतर कुटं बी जा." लहानपणी ज्याला खांद्यावर बसवून बाजार दाखवला, तो आता मला सुट्टी देणार होता. मी व्हय म्हणालो.

इंजिन जड आणि गाडीचा सांगाडा पातळ, गंजलेला. जोर दिला की सांगाडा पिळला जायचा आणि दारे अडकून बसायची. एकदा प्रभू आतच अडकला, त्याला खिडकीतून ओढून काढावे लागले. मग मी गाडीखालून चॅनलची, म्हणजे पन्हाळीसारख्या लोखंडी पट्ट्यांची, आडवी-तिरपी बांधणी केली. पुढच्या दोन चाकांवर एक दांडा टाकून दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या. इंजिन ज्यावर बसते त्या फाउंडेशनला जाड पट्टीचे पाये केले. आधी रबर न घालता घट्ट जोडले, तर थरथरीने आरसा गळून पडला. मग पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचे तुकडे कापून मध्ये घातले. गाडी पळाली. प्रभू हिंगोलीला जाऊन आला, स्टँडवर माणसे गोळा झाली. मी घरी जाऊन पिशवी भरली.

आठवडा झाला नाही तोच डावा पाया तडकला. माझा जोड तुटला नव्हता, जोडाच्या शेजारचे लोखंड तुटले होते. तिथे पट्टी मारली की तिच्या शेजारचे. बारा वर्षे मी त्या गाडीखाली उताणा पडून आहे. इकडे आड तिकडे विहीर: गाडी नीट केली नाही तर सुटका नाही, आणि नीट केली की प्रभू ती खड्ड्यांतून पळवून परत मोडून आणणार. एकदा चिडून म्हणालो, "प्रभू, सांगाडाच सडून राहिला, ही गाडी काई जमत न्हाई." तो हसून म्हणाला, "मंग तुमचं बी जाणं जमत न्हाई, दाजी." त्याच्या मनात वाईट नव्हते. मी त्या दिवशी जेवलो नाही.

१९९९ साली सासरे वारले, त्याच साली हिंगोली जिल्हा झाला. कागदावर पत्ता बदलला. मी होतो तिथेच राहिलो.

कलम ४. गाडी प्रभूची, पण तिच्याखालचे लोखंड माझे. ते चॅनल आमच्या साखऱ्याच्या विहिरीवरचे, अंगदने बैलगाडीत घालून आणलेले. ही बांधणी व फाउंडेशनचे पाये मी पत्नी नर्मदाबाई हिला देतो. ती राहते ती मागची खोली तिला हयातभर राहू द्यावी. कोणी उठवू पाहिले तर तिने माझे लोखंड कापून न्यावे. ते निघाले की गाडी मधून दुमडेल, हे प्रभूला बराबर ठाऊक आहे.

कलम ५. माझा देह साखऱ्याला न्यावा. जिवंतपणी जाणे झाले नाही.

पुरवणी. एवढे लिहून मी नर्मदाबाईला वाचून दाखवले, कारण चौथे कलम तिच्यासाठी होते. ती तूर निवडत होती. म्हणाली, "ही खोली माह्यासाठी काहून राखून राहिले? मला न्हाई राहायचं इथं."

मी म्हणालो, "तुजं माहेर हाय."

"बापू होते तवर माहेर. ते गेले तवापासून मी वाट पाहून राहिले, तुमी आज म्हणाल, उद्या म्हणाल. तुमी त्या गाडीखालून निघालेच न्हाई. मला वाटलं, तुमचा जीव तिच्यातच हाय."

मी पाचवे कलम वाचले. तिने सूप बाजूला सरकवले आणि विचारले, "मेल्यावर काहून?"

मी कागदाची घडी केली. आठ वर्षे ती माझ्यासाठी थांबली, मी तिच्यासाठी, आणि दोघांनाही थांबायचे नव्हते. मी तिच्यासमोर रडलो.

सबब कलम ४ व ५ रद्द समजावीत. कलम १ मधील खोली नर्मदाबाई आहे तोवर तिची, नंतर सीमाची. गाडीखालचे सर्व लोखंड प्रभूला बिनशर्त दिले. आम्ही निघालो तेव्हा तो दुकानाबाहेर येऊन "दाजी, गाडी?" एवढेच म्हणाला. उजवा पाया दिवाळीआधी तडकेल. त्याने दुसरा माणूस बघावा.

कलमे सेनगावात लिहिली. पुरवणी आणि सही तिथली नाही.

साक्षीदार:
१. कोंडीबा वाठोरे, आमच्या शेजारचे. सही.
२. अमरसिंग राठोड, ज्यांच्या जीपमधून आमचे सामान आले. अंगठा.

लिहून देणार: भुजंग मारोती गडदे. सही.
दिनांक: ९ सप्टेंबर २००७
स्थळ: साखरा