चावा घेतलेलं नाणं

आदरणीय साडूभाऊंना मानाचा आणि थोडा घाबरतच नमस्कार.

गुडघे कसे आहेत? (मागच्या पत्रात विचारायचं राहिलं म्हणून थोरल्या ताई रागावल्याचं कळलं. या खेपेला डाव्याची आणि उजव्याची वेगवेगळी चौकशी करतो.) आमच्याकडे सगळे खुशाल. माझ्याबद्दल काही कानावर आलं असेल, तर ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी लिहितो.

त्याचं असं झालं, आपल्या दोघांच्याही सासऱ्यांच्या खिडकीत, कडी आणि चौकटीच्या फटीत, मला एक नाणं खोचलेलं दिसलं. एका बाजूने चंद्रकोरीएवढा तुकडा गायब, जणू कुणी चावा घेतलाय. टांकसाळीच्या चुकीने असं नाणं बाहेर पडलं तर शौकीन लोक त्यासाठी जीव टाकतात, हे मी वाचलं होतं. (अर्धंच वाचलं होतं. पुढचा अर्धा लेख माझ्यासारख्यांना सावध करण्यासाठी होता.) सासऱ्यांकडे मागितलं असतं तर त्यांनी दिलंही असतं, पण देण्याआधी चष्मा लावून पाहिलं असतं. म्हणून न मागता घेतलं. शेवटी जावयाचा काही हक्क असतो की नाही?

घरी ते हिच्या कुड्यांच्या डबीत कापसावर ठेवलं. कुड्या चहाच्या बशीत गेल्या. चार दिवस मी घरात असा वावरत होतो, की हिने विचारलं, "मान आखडली आहे का?"

मग नाण्यांचं दुकान गाठलं. दुकानाच्या बाई गळ्यात भिंग घालून बसल्या होत्या. माझ्यासारखे आशाळभूत रोज बघून त्यांच्या चेहऱ्यावर दंतवैद्यासारखा कंटाळा आला होता. मी डबी उघडली. बाईंनी नाणं उचललं आणि चावा सोडून भलतीकडेच, बरोबर त्याच्या समोरची कड पाहिली.

"चावा इकडे आहे," मी म्हणालो.

"तो आंधळ्यालाही दिसेल," बाई म्हणाल्या. "चकती आधीच अपुरी कापली गेली असेल, तर छाप उठताना समोरच्या कडेला नीट दाब मिळत नाही. ती पुसट राहते. तुमची कशी आहे, बघा. ठसठशीत. आणि इथे अक्षर मधोमध तुटलंय, शेजारी ओरखडे. टांकसाळ निर्दोष आहे. हे कुणीतरी नंतर कानशीने घासलंय."

"पण चूक ती चूकच ना?"

"त्यांची चूक असती तर मी घेतली असती. ही तुमची."

दुकानाच्या पायरीवर असतानाच सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, आमची खिडकी वाऱ्याने आपटतेय. कडीत एक नाणं होतं. दुपारभर बसून कानशीने घासून बसवलं होतं हो, अगदी मापात. तुम्ही पाहिलंत का?"

मी म्हणालो, पाहिलं, आणि दुरुस्तीसाठी तज्ज्ञांना दाखवायला नेलंय. ते फार खूश झाले. थोरल्या जावयाला असं सुचत नाही, असंही म्हणाले. (तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हे लिहिणार नव्हतो.) नाणं परत कडीत बसवलं. तर असा हा प्रकार. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायची आता फार गरज आहे.

आपला,
धाकटा साडू

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. दुकानात जाण्याआधी, आता नोकरीची गरज उरली नाही अशा समजुतीने, मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्याविषयीचं माझं मत त्यांना सांगितलं. साहेब तुमचे चुलतभाऊ. तुम्ही शब्द टाकलात तर बरं होईल. तेव्हापासून मी तोंड लपवून घरीच आहे.

ता. क. २ (अक्षर माझं, यांना माहीत नाही.) भाऊजी, साहेबांचा मला फोन आला होता. हे इतकं पुटपुटत बोलले, की त्यांना वाटलं रजा मागताहेत. त्यांनी आठवड्याची मंजूरही केली. सध्या हे पश्चात्तापाने, कुणी न सांगता, माळा साफ करताहेत, त्यानंतर पंखे पुसायचेत. तेवढं होईपर्यंत कृपा करून शब्द टाकू नका.