एरलँग येणारं दुसरं माणूस

श्रीरामपूर
गुरुवार, १५ जानेवारी २०२६

प्रिय निकिताबाई जामखेडकर,

तिळगूळ घे आणि पत्र शेवटपर्यंत वाच. गोड बोल असं मी म्हणणार नाही, कारण शेवटापर्यंत पोचलीस की तू मला शिव्याच घालणार आहेस. पाकिटातल्या वड्यांचा पोस्टात भुगा झाला असेल तर चमच्याने खा.

तब्येत बरी ना? ओंकारदाजींचं दुकान कसं चाललंय? तुझ्या सासूबाईंचे, सुमनमावशींचे गुडघे थंडीत दुखत असतील, त्यांना नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक. पप्पांनी नवी स्कूटी घेतली आणि पहिल्याच दिवशी कोल्हारच्या पुलावर पेट्रोल संपवलं. ढकलत आणली, पण कबूल करतील तर शपथ. म्हणे, "इंजिन गार करत होतो."

तू म्हणशील, हातात मोबाईल असताना ही बया पत्र का लिहितेय. अगं, फोनवर मी "एर" म्हटलं की "लँग" यायच्या आत तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि तू फोन ठेवतेस. दोन वर्षं झाली, त्या कुकरात शिजतंय तरी काय? पुण्यात तुझ्या मुलाखतीत तो साहेब हसला आणि "असल्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कोण काम देतं?" म्हणाला. त्या दिवशी तू मला बजावलंस, एरलँगचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. बरं. तोंडाने काढत नाही, लिहून काढते.

तर बातमी अशी, की गेल्या शनिवारी शिर्डीच्या एका हॉटेलात दूध आणि साखरवाल्यांची तंत्रज्ञान परिषद होती आणि तिथे मी एरलँगचा स्टॉल लावला! हसू नकोस. मला जावंच लागलं.

कोल्हारकडे एक डेअरी आहे. रंभाजीदादा तिचे सर्वेसर्वा. गावोगावच्या केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप आणि फॅट येतं, ते सगळं एका जागी गोळा करणारा प्रोग्रॅम मी त्यांना एरलँगमध्ये करून दाखवला. एका केंद्राचं मशीन मेलं तरी बाकीची आपली चालू. दादा जाम खूश झाले. आणि मग म्हणाले, "पोरी, काम एक नंबर हाय. पन ही भाषा आख्ख्या जिल्ह्यात तुला एकटीलाच येती. उद्या तुझं लगीन झालं, न्हाईतर तापानं पडलीस, तर माझं दूध कुनी बघायचं? दुसरं मानूस दाखव, मग काम तुझं. न्हाईतर मी दुसऱ्याकडून नेहमीच्या भाषेत करून घेतो."

राग आला मला. पण खोटं काय बोलले ते? म्हणून स्टॉल. एवढ्या गर्दीत एरलँग येणारं एक माणूस सापडलं की झालं, एवढीच माझी आस.

टेबलावर निळं कापड, मागे फलक: "एरलँग. न थांबणाऱ्या कामांसाठी." डाव्या हाताला गाईच्या गळ्यातला पट्टा विकणारे, उजव्या हाताला पनीरच्या मशीनवाले. ते फुकट पनीर वाटत होते. आता तूच सांग, माझ्याकडे कोण कशाला येईल? एक काका आले, फलक नीट वाचला आणि विचारलं, "ह्ये पेंडीत मिसळायचं का नुसतं द्यायचं?" दुसरे आले ते मोबाईल चार्जिंगला लावायला. मी म्हटलं, काका, याच मोबाईलवरून सकाळी ज्या व्हॉट्सॲपवर फुलं पाठवलीत ना, त्याच्या पोटात हीच भाषा आहे. ते म्हणाले, "असंल." आणि चार्जर घट्ट बसवून निघून गेले.

मग एक इंजिनिअर आला. एरलँग हे नाव त्याने ऐकलं होतं! मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, शेजारून पनीर आणून दिलं. पनीर संपवून तो म्हणतो, "पण ती भाषा बंद पडली ना?" पनीर परत मागावंसं वाटलं गं.

दुपारी माझं भाषण. जेवणात पुरी-श्रीखंड, आणि लगेच नंतर मी. पडद्यावर माझी इंग्रजी वाक्यं आणि समोर पेंगणारं सभागृह. पहिल्याच ओळीत रंभाजीदादा, डोळे मिटून, हात पोटावर. म्हटलं रेश्मे, गेलं तुझं काम दुधाबरोबर वाहून. लॅपटॉप मिटला आणि तोंडात आलं ते विचारलं, "हरिनाम सप्त्यात पंगतीला कुणीकुणी वाढलंय?"

अगं, सगळे हात वर! झोपलेलेसुद्धा उठले. जिथे सप्त्याच्या पंगतीला आमटी टँकरने येते त्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारला मी, दुसरं काय होणार?

मग चार जणांना वर बोलावलं. एकाला भाकरी, एकाला बुंदी, एकाला आमटी, आणि एकाला भांड्यांपाशी उभा करून मुख्य केलं. भांडी म्हणून पाण्याचे रिकामे जग. सांगितलं, बुंदीवाल्याने आमटीला हात लावायचा नाही, कुणी दुसऱ्याच्या भांड्यात बघायचं नाही, हाक आली की आपलं वाढायचं. पहिली ओळ ताट मांडून बसली, म्हणजे मांडीवर परिषदेच्या फायली. "आता आमटीवाला घसरून पडला. पंगत उठते का?" सगळे ओरडले, "न्हाई!" "काय होतं?" "मुख्य दुसरा उभा करतो!" मी म्हटलं, झालं, हीच एरलँग. एक पडला की मुख्य दुसरा उभा करतो आणि भाकरीवाल्याला पत्ताही लागत नाही.

इथपर्यंत छान. पण आमटीवाला पडेना! एका साखर कारखान्याचे मोठे साहेब होते ते, कोट घातलेले. मी म्हणते साहेब, तुम्ही पडलात, बाजूला व्हा. ते म्हणतात, "पंगत चालू असताना वाढप्यानं भांडं खाली ठेवायचं नसतं. आमच्या गावात चालत नाही." तोवर मुख्याने दुसरा आमटीवाला सोडलेला. दोघे चढाओढीने आग्रह करायला लागले. घ्या हो, अजून एक वाटी, आमची शपथ! दादांच्या फायलीवर इतकी आमटी सांडली, नसलेली, की दादांनी खरोखर दोन्ही हात आडवे धरले. "आरं बास! बास!" सभागृह हसून हसून लोळलं. मीसुद्धा. माईकवर म्हटलं, मंडळी, हा बिघाड फक्त आपल्याकडेच होऊ शकतो, स्वीडनच्या ज्या टेलिफोन कंपनीने ही भाषा बनवली तिला आग्रह माहीतच नव्हता.

किती टाळ्या पडल्या, निके! मला तू आठवलीस. कॉलेजात सगळा वर्ग "त्या दोघींची भाषा" म्हणून चिडवायचा, त्यातले दोन-तीन जण तरी तिथे हवे होते.

टाळ्या थांबल्यावर दादा उभे राहिले. माईक नको म्हणाले. "कळलं, पोरी. लई भारी सांगितलंस. पन तुझ्या पंगतीत वाढपी तू एकटीच. दुसरं मानूस कोन?"

थांब, चहा करून येते.

आले. आलं घातलं होतं, छान झाला होता. पप्पांनी अर्धा पळवला. बरं, सांगते. किती टाळणार?

मी म्हणाले, "आहे. जामखेडला आहे." दादा म्हणाले, "नाव?" मी म्हणाले, "निकिता." "सध्या काय करती?" आणि माझ्या तोंडून निघालं, "रजेवर आहे." देवाशपथ, विचार करून नाही बोलले! दोन वर्षांची रजा, मला तर तोंड लपवावंसं वाटलं. पण दादा हसले आणि म्हणाले, "मग बघाया येतो. पोरगी बघितल्याबिगर आमच्यात सोयरीक व्हत न्हाई." पुन्हा हशा. पुढच्या शुक्रवारी, तेवीस तारखेला, सकाळी दादा त्यांच्या गाडीने जामखेडला येतायत. सोबत मी.

दे आता शिव्या. दिल्यास? पुढे वाच.

रविवारी हिंमत करून तुला फोन केला होता. मावशींनी उचलला, तू दळणाला गेली होतीस. माझ्या पोटात काही राहतं का? सगळं बोलून टाकलं आणि वर म्हटलं, मावशी, नसेल जमत तर मी मोडते. तर त्या काय म्हणाल्या, जसंच्या तसं लिहिते: "मोडती कशाला? येऊ दे की. आगं, दुपारची समदी निजली की ती लॅपटॉप काढून बसती. म्या इचारलं काय करती, तर म्हन्ती काय न्हाई आई, रेसिपी बघते. काळ्या पाटीवर हिरवी अक्षरं, भाजीचं एक चित्र न्हाई! मला काय खुळी समजती का? तिला म्हनावं लपून करू नगं, ओसरीवर बसून कर. भाकरी मी थापते. पन म्या बोलायची न्हाई तिला, लाजंल. तूच सांग."

तर बाईसाहेब, तुमचं बिंग फुटलंय. आणि मी स्वयंपाकघरात पप्पांना मिठी मारून रडले, आनंदाने. त्यांना वाटलं माझं लग्न ठरलं.

आता एकच. दादांनी दुसरं माणूस मागितलं म्हणून मी तुला मागतेय असं समजू नकोस. त्यांनी नसतं मागितलं तरी मी मागितलंच असतं, फक्त कारण सापडत नव्हतं. काम मिळालं तर तू जामखेडातून कर, मी इथून करते, पैसे निम्मे-निम्मे. पण पैशांचं राहू दे. अडकलेली चूक सापडली की मी अजून ओरडते, "सापडली!" आणि मागे वळून बघते. मागे कपाट आहे. मला माझ्या चुका काढणारी, माझ्यावर ओरडणारी तू हवी आहेस, निके. फार हवी आहेस.

नाही म्हणायचं असेल तर शुक्रवारच्या आधी फोन कर. मी दादांना सांगेन, मुलीकडून नकार आला, आणि तुझ्यावर कणभर रुसणार नाही. होकार असेल तर मात्र फोनसुद्धा करू नकोस. मी गाडीतून उतरेन, तेव्हा तू दारात ये, बस्स.

कपाटाशी बोलून दमलेली, तुझीच,
रेश्मा