विनसमचं थांबणं

११ जानेवारी, शनिवार

पुन्हा तेच! ब्रिजच्या टेबलावर समोरचे तीन इस्पिक बोलले आणि माझी भिडू विनसम थांबली. किती थांबावं माणसानं? मी मनातल्या मनात पूर्ण प्रार्थना म्हटली, आमेनसकट, तरी हिचा हात आपला बोलीच्या चिठ्ठ्यांच्या डब्यावरच. एका चिठ्ठीला बोट लावते, काढते. दुसरीला लावते, काढते. नाकातून एक उसासा. आणि मग हिरवी चिठ्ठी टेबलावर — पास! अगं, पासच करायचा होता तर इतका वेळ काय अंडी उबवत होतीस?

माझ्या हातात सहा बदाम होते. चार बदाम बोलायला हात नुसता शिवशिवत होता. पण भिडू अशी रेंगाळली की माझं तोंड शिवलं जातं. हिच्याकडे काहीतरी आहे, हे मला कळलं ना! आणि ते बोलीतून नाही कळलं, रेंगाळण्यातून कळलं. ते वापरायचं नाही. मग मीही पास. शेवटी सगळ्यांचे पत्ते बघितले, तर चार बदाम डोळे मिटून झाले असते.

हेन्रीकससाहेब, देव त्यांना सुखात ठेवो, शिकवताना म्हणायचे, "भिडूच्या बोलीतून कळलं ते तुझं, मर्टिस. भिडूच्या उसाशातून कळलं ते चोरीचं." मी क्लबात गेले होते ती टेबलांवरची हिरवी कापडं शिवायला. शाळा चौथीपर्यंतच. एका मंगळवारी कुणाचा तरी भिडू आला नाही. साहेब म्हणाले, "मर्टिस, सुई ठेव. ये, बस इथं." त्याला एकतीस वर्षं झाली. अजून बसलेलीच आहे!

पुढच्या शनिवारपासून निवडीचे खेळ. तीन शनिवार. पहिली येईल ती जोडी बेटाच्या संघात, मे महिन्यात समुद्रापलीकडे सांतो दोमिंगोला, स्पर्धेला. विमानानं! मी बहात्तर वर्षांत या बेटाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. पासपोर्ट काढून ठेवलाय. फोटोत हसले म्हणून कचेरीतल्या पोरीनं दोनदा परत काढायला लावला. आता मला हसू आलं तर मी काय करू?

विनसम दोनदा दुसरी आलेली आहे. माझ्याबरोबर नव्हे, तिच्या आधीच्या भिडूबरोबर. म्हणते, "मर्टी, मी शहात्तरची. या वेळी नाही तर नाहीच." मग थांबत जाऊ नकोस ना बाई!

१४ जानेवारी

विनसमचा फोन. म्हणे, "मी थांबत नाही." हे सांगायच्या आधी केवढी थांबली!

१८ जानेवारी, शनिवार

पहिला शनिवार. चौदा जोड्यांत तिसऱ्या आलो. वाईट नाही. पण विनसमनं चारदा तरी जीव घेतला.

व्हेरोना टलक आणि डेन्झिल लिंडो पहिले. व्हेरोना म्हणजे डॉक्टरांची बायको. बांगड्या काढून पर्समध्ये ठेवते, मग खेळायला बसते. आज गोड आवाजात मला म्हणाली, "मिस मर्टिस, तुमची भिडू म्हणजे हवामानखातं हो. तोंडाकडे बघितलं की कळतं कुठं ऊन आणि कुठं ढग."

मी म्हटलं, "मिसेस टलक, तुम्ही तुमच्या पत्त्यांकडे बघा. आमच्या आभाळाकडे कशाला बघता?"

डेन्झिल खो खो हसला. तो बँकेत होता, पण माणूस बरा आहे. व्हेरोना नाही हसली. पण बोलली ते खरंच होतं. म्हणूनच जास्त राग आला.

घरी आले तर केडीन बाळाला घेऊन बसलेली. केडीन माझी नात, म्हणजे हे माझं पणतवंड! खालचा एक दात आलाय, तांदळाच्या कणीएवढा. माझ्या बोटाला चावलं. मग सगळा राग गेला. तुरीचे हिरवे दाणे घालून नारळाच्या दुधातला भात केला. केडीन म्हणते, "आजी, दात बघायला आजूबाजूच्यांना बोलावू नकोस गं." दोघींना बोलावलं होतं आधीच.

२३ जानेवारी

विनसमला व्हरांड्यात बसवून शिकवणी घेतली. मी शिकवते! तिनं बत्तीस वर्षं पोस्ट ऑफिस चालवलं, आणि तिला मी.

सोपं सांगितलं. "प्रत्येक वेळी मनात तीनपर्यंत मोज. मग चिठ्ठी टाक. हात चांगला असो, फालतू असो, तीन म्हणजे तीन."

मोजायला लागली, तर ओठ हलतात! "अगं, ओठ मिट." ओठ मिटले, तर मान हलायला लागली. "मान!" मग मान ताठ केली आणि श्वासच घेईना. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. तीही हसली, पण डोळे पुसत म्हणाली, "मर्टी, पोस्टात एक पाकीट मी उलटसुलट बघितल्याशिवाय शिक्का नाही मारला. एकसुद्धा चुकीच्या घरी गेलं नाही. आता तू म्हणतेस, बघू नको."

मी म्हटलं, "बघ. पण दर वेळी तेवढंच बघ."

यावर माझं तोंडच पाकिटासारखं उलटसुलट बघत बसली. देवा!

२५ जानेवारी, शनिवार

विनसम शहाण्यासारखी वागली! एक-दोन-तीन, चिठ्ठी. एक-दोन-तीन, चिठ्ठी. एकदाच घसरली, आणि तेव्हा माझा हात इतका फालतू होता की मला पासशिवाय काही सुचलंच नसतं. दुसऱ्या आलो. व्हेरोनापेक्षा अगदी थोडक्यानं मागं. आता सगळं पुढच्या शनिवारवर.

येताना निळं कापड घेतलं. विमानात सुरकुत्या पडणार नाहीत असं.

१ फेब्रुवारी, शनिवार

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दुपारपर्यंत आम्ही पुढं. शेवटून दुसरं टेबल — समोर व्हेरोना आणि डेन्झिल. माझ्या हातात सात बदाम, चार चौकट, एक इस्पिक, एक किल्वर. असा हात वर्षातून एकदा येतो. मी एक बदाम बोलले. व्हेरोना एक इस्पिक. विनसम दोन बदाम. डेन्झिल दोन इस्पिक. मी सरळ चार बदाम. व्हेरोना चार इस्पिक.

आणि विनसम थांबली.

इतके दिवस थांबली ते काहीच नाही, अशी थांबली. डबलच्या, म्हणजे त्यांना हे जमणार नाही म्हणायच्या, चिठ्ठीला बोट लावलं. काढलं. बदामाच्या चिठ्ठ्यांकडे गेली. परत आली. डेन्झिल छताकडे बघायला लागला. मग हिरवी चिठ्ठी. पास.

डेन्झिल पास. माझी पाळी.

मी पाच बदाम टाकले.

झाले! एक्का, राजा, सगळं जिथं हवं तिथं. पाचाला लागतात तेवढे अकरा हात, ना एक कमी ना जास्त. शेवटचा हात उचलला आणि व्हेरोना बांगडी नसलेला हात वर करून म्हणाली, "पंच!"

पंच म्हणजे मिस्टर चंग. आले. व्हेरोना म्हणाली, "यांची भिडू मिनिटभर थांबली, मग या पाच बोलल्या. चारनं आपला हात सांगून झाला होता. परत का बोलल्या?"

चंगनी विनसमला विचारायच्या आधीच मी म्हटलं, "सात बदाम होते माझ्याकडे! सात!"

ते म्हणाले, "मिस मर्टिस, शांत व्हा. मंगळवारी समितीपुढं बोला. तोवर निकाल राखून ठेवतो."

पाच बदाम धरले तर आम्ही पहिल्या. नाही धरले तर व्हेरोना.

२ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तोच हात मांडला. सात बदाम, चार चौकट, एक इस्पिक, एक किल्वर. नीरफणस भाजायला ठेवला होता, तो जळला तरी मी आपली बघतेच आहे.

विनसम थांबली नसती तर पाच बोलले असते का? हो. बोलले असते. सात बदाम म्हणजे खेळ नाही.

पण चार बोलून हात सांगून झाला होता. एकदा सांगितलेला हात परत सांगायचा नाही, पुढचं भिडूवर सोडायचं, हे मीच विनसमला शंभरदा ऐकवलंय. आणि अकरा जानेवारीला सहा बदाम होते तेव्हा मी गुमान पास केला होता.

मग या वेळी का नाही केला?

सात म्हणजे सहा नव्हेत. म्हणून!

४ फेब्रुवारी, मंगळवार

समिती झाली. तिघं जण, मागच्या खोलीत. आमच्याकडे एकेकीला बोलावतात, एकीचं दुसरीला ऐकू द्यायचं नाही अशी पद्धत. आधी विनसम गेली. पाच मिनिटांत बाहेर. माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेली.

मग मी. मध्ये बसलेल्या मिस ओफीलियांनी विचारलं, "मिस मर्टिस गोल्बोर्न, साधा प्रश्न. चार इस्पिकांवर तुमची भिडू थांबली होती का?"

बाहेर दाराच्या फटीतून विनसमची पांढरी टोपी दिसत होती. ती टोपी तिनं खास निवडीसाठी घेतली आहे. शहात्तर वर्षांची बाई, दोनदा दुसरी आलेली.

मी म्हटलं, "मला तरी नाही जाणवलं."

"अजिबात नाही?"

"नेहमीइतकीच. तीन मोजायला लागतात तेवढं."

त्यांनी लिहून घेतलं. लिहून होईपर्यंत मी त्यांच्या पेनाकडे बघत होते.

टॅक्सीत विनसमला सगळं सांगितलं. म्हटलं, "मी ठाम राहिले गं. थांबलीच नाही म्हटलं. आता काय करते ती व्हेरोना!" विनसम खिडकीबाहेर बघत राहिली. थकली असणार. उतरताना माझा हात धरला, बराच वेळ.

निळ्या कापडाला कात्री लावली.

५ फेब्रुवारी

पाच बदाम रद्द! मिस्टर चंगचा फोन आला. व्हेरोना आणि डेन्झिल जाणार.

म्हणजे माझा शब्द खोटा आणि तिचा खरा! का? ती डॉक्टरांची बायको म्हणून. आणि मी तिथं कापडं शिवायला आले होते म्हणून. एकतीस वर्षं बसले तरी यांच्या लेखी मी सुई-दोराच. पुरावा काय? तिचं तोंड! माझ्या तोंडाला किंमत नाही?

चंगला म्हटलं, "मला लेखी द्या. का ते लेखी द्या."

"देऊ ना. समितीचं टिपण सगळ्यांनाच पाठवतो आम्ही," म्हणाले. आवाज कसातरीच.

विनसमला सांगितलं तर शांतपणे म्हणते, "सोड गं मर्टी." सोड! हिला कधी राग येतच नाही!

८ फेब्रुवारी, शनिवार

खेळायला गेले नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. केडीनला सगळं सांगितलं, तिसऱ्यांदा. म्हणाली, "आजी, बाळ झोपलंय." बाळ जागंच होतं.

विनसमचा फोन. रोज येतो. जेवलीस का, गुडघा कसा आहे. मी व्हेरोनाचं काढलं की म्हणते, "तुझ्या आकीच्या झाडाला फळं लागली का गं यंदा?" लागली! झाड भरलंय! पण त्याचं काय आत्ता?

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेले. व्हेरोना तिसऱ्या बाकावर. मी मानसुद्धा हलवली नाही. विनसम माझ्या शेजारी, तिचा चष्मा घरी राहिला म्हणून माझ्या पुस्तकातून गायलो दोघी. बाहेर आल्यावर म्हटलं, "देवाला सगळं दिसतं, कोण खरं बोललं ते." विनसम म्हणाली, "हो गं," आणि माझ्या टोपीची पट्टी नीट केली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टिपण आलं. एकच पान.

"मिस विनसम बॅरेट यांना विचारलं: आपण थांबलात का? उत्तर: हो. पुष्कळ थांबले. डबल करावा की पाच बदाम बोलावे ते ठरत नव्हतं. मिस गोल्बोर्न यांनी बोलायला नको होतं; पण त्यांना दोष देऊ नये, चूक माझी आहे."

त्याच्याखाली माझं उत्तर, जसंच्या तसं.

व्हेरोनाला कुणी आतसुद्धा बोलावलं नव्हतं.

टॅक्सीत मी छाती पुढं काढून सांगत होते, तेव्हा हिला माहीत होतं. आठ तारखेला माहीत होतं. रविवारी एका पुस्तकातून गात होतो, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला — तेव्हा माहीत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं होतं. काही म्हणजे काही दिसलं नाही मला.