ती यष्टीत बसली का

माय, काल तुझा सिनेमा सापडला आणि परत हरवला. सापडला खुलताबादच्या अलीकडच्या माळावर, आमच्या गाडीत. आणि हरवला तो माझ्याच हातानं. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेले नाही. आलेलं पत्र वाचून दाखवायचं काम माझंच असायचं.

आधी गाडीचं सांगते, नाही तर तुला काहीच उमगायचं नाही. तुझे जावई चितेगावच्या कंपनीतून निवृत्त झाले, पाठोपाठ माझीही दवाखान्यातली नर्सची नोकरी संपली, आणि दोघांनी मिळून एक जुनी सतरा सीटची गाडी घेतली. सीटा काढून आत दोघांपुरता पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलं. घर पाहावं बांधून म्हणतात, ते चाकावरच्या घरालाही लागू आहे, हे एका सुतारानं आणि एका वेल्डरनं मिळून आम्हाला शिकवलं. आता महिन्यातले थोडे दिवस आम्ही गारखेड्याच्या घराला कुलूप घालतो आणि निघतो. माझी धाकटी जाऊ हसत हसत म्हणाली, "अक्का, एवढं शिकून-सवरून शेवटी विंचवाचं बिऱ्हाड पाठीवरच म्हना की!" तिला वाटलं मला झोंबेल. मी म्हटलं, "व्हय बाई. आमचं मेंढरावाल्यांचं बिऱ्हाड पयल्यापासून घोडीवरच. आता घोडी डिझेल पिती, एवढंच." खरं सांगू, त्या गाडीत पहिल्या मुक्कामी मला जशी झोप लागली तशी गारखेड्यात कधी लागली नव्हती.

गाडीच्या टपावर छत्री आहे. पावसाची नव्हे, टीव्हीची. महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मागणारी छत्री यांनी घेऊच दिली नाही. "आभाळातून फुकट पडतंय ते तरी आधी झेलू," असं यांचं म्हणणं. छत्रीला जोडायचा डबा एकदाच विकत घ्यायचा. त्याच्या पाठीत पेन ड्राइव्ह खुपसून वेळ लावून ठेवली, की आपण टीव्ही बंद करून कुठंही हिंडावं, डबा बिचारा सिनेमा साठवून ठेवतो. फक्त छत्रीचा एक नखरा आहे. तिचं तोंड आग्नेयेला, आभाळातल्या ठरलेल्या जागेकडेच लागतं. जरा इकडची तिकडं झाली की चित्र गेलं. म्हणून दर मुक्कामी ती नव्यानं लावावी लागते. हे मोबाईलमधलं होकायंत्र काढून बसतात. मी जवळच्या वस्तीवरच्या छत्र्या बघते. सगळ्यांची तोंडं एकीकडे, थंडीत बसलेल्या मेंढरांसारखी. त्यांच्याकडे बघून आपली फिरवायची, काम झालं. यांचं होकायंत्र तोवर उत्तरच शोधत असतं.

तर दर रविवारी दुपारी जुने मराठी सिनेमे लागतात ते मी साठवते. सगळे. चांगले, रडके, कंटाळवाणे, एकही सोडत नाही. यांना आधी वाटायचं मला सिनेमाचं वेड लागलं, मग एकदा सगळं सांगितलं. मी तुझा सिनेमा शोधत होते, आणि त्याचं नाव ना तुला ठाऊक होतं ना मला.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. पैठण रस्त्याकडच्या एका गावात आपला तळ पडलाय. ज्यांच्या रानात मेंढ्या बसवल्यात त्यांच्या घरी ज्वारी आणायला तू मला घेऊन गेलीस. शनिवारची संध्याकाळ. त्यांनी टीव्ही ओसरीवर आणून ठेवलाय आणि अंगणात अर्धा गाव लोटलाय. मालकीणबाई "बसा की" म्हणतात, तरी तू लांब, अंगणाच्या कडेला, ज्वारीचं गठुडं मांडीवर घेऊन टेकतेस. पडद्यावर एक बाई आहे. कुणाशी न भांडता, कुणाला न सांगता तिनं फुलं रंगवलेली पत्र्याची पेटी भरली आहे आणि ती यष्टीच्या थांब्यावर उभी आहे. मागं घराकडचा रस्ता. समोरून धुरळा उडवत यष्टी येते. थांबते. कंडक्टर दार उघडतो, ती बाई मागं वळून बघते, आणि नेमकी त्याच वेळी शिवारातून तुला बोलावणारी आबांची शीळ येते.

दिवस मावळला की मेंढ्या चरून माघारी यायच्या, बांबूच्या डालीखाली कोंडलेली कोकरं भुकेनं ओरडायला लागायची, आणि कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं हे आपल्या बिऱ्हाडात एकट्या तुला ओळखू यायचं. आबांनी पाजायला लावलेली कोकरं दोन-दोन आयांच्या लाथा खाऊन परत यायची. त्यामुळे कोणत्याही गावात, कोणताही सिनेमा असो, तू अर्ध्यातून उठायचीस. त्या दिवशीही उठलीस. गठुडं डोक्यावर घेतलंस, माझा दंड धरलास आणि पडद्याकडे तोंड ठेवून, उलट्या पावली अंगणाबाहेर आलीस.

त्या रात्री भाकरी थापताना तू आबांना म्हणालीस, "जरा दम धरून शीळ घातली असती तर काय बिघडलं असतं?"

आबा म्हणाले, "काय आसतं त्या शिनेमात? शेवटी समदे घरलाच जात्यात."

"पर कुनाच्या घरला, ते बघाया नको व्हय?"

 आबांनी भाकरी मागितली.

त्यानंतर किती वेळा विचारलंस मला. मेंढ्यांमागं चालताना, काटा काढताना, माझं लग्न ठरल्यावरसुद्धा: "यष्टीत बसली आसंल का गं ती?" पुढं तू गारखेड्यात माझ्याकडे राहायला आलीस. घरात रंगीत टीव्ही, हातात रिमोट, शीळ घालणारे आबा कधीच गेलेले. तरी तू दारापाशीच बसायचीस आणि दिवस मावळला की सिनेमा तसाच सोडून उठायचीस. मी चिडायचे. "आता कुणाची कोकरं पाजायचीत?" म्हणायचे. तू म्हणायचीस, "पाय ऱ्हात नाय गं." आणि शेवटच्या आजारपणात, मी दंडाला बीपीचा पट्टा बांधत असताना, तू परत तेच विचारलंस. मी सवयीनं म्हटलं, "बसली असेल गं माय." तू डोळे उघडलेस. "आसंल नगं सांगू. बघून सांग."

तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. तू ज्याला औरंगाबाद म्हणायचीस त्या गावाच्या पाट्याही बदलल्या. तुझं ते 'बघून सांग' मात्र माझ्या मानेवर तसंच बसून आहे.

आता कालचं ऐक. हे दूध आणायला गावात गेले होते. डबा त्याचं काम करत होता, बॅटरी वाचावी म्हणून टीव्ही बंद. मी दाराशी शेगडी मांडून पिठलं टाकलं आणि वारा सुटला. माळावरचा वारा तुला सांगायला नको. पिठल्यात माती, आत अंथरुणावर माती. मी क्षणभरही विचार केला नाही. शेगडी बंद केली, स्टिअरिंगवर बसले आणि गाडी गर्रकन फिरवून तिची पाठ वाऱ्याला लावली. आबा बिऱ्हाड टाकायचे अगदी तशी. मग समाधानानं परत पिठलं ढवळायला लागले. टपावर छत्री आहे आणि तीही माझ्याबरोबर फिरली, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी जेवताना दुपारी साठवलेला सिनेमा टीव्हीवर लावला. सुरुवातीला मला काही ओळखीचं वाटलं नाही. मग त्या बाईनं पलंगाखालून पेटी ओढली. फुलांची. माझा घास हातातच राहिला. यांना म्हटलं, हाच तो. यांना सगळं ठाऊक होतं, हे ताट बाजूला ठेवून पुढं सरकून बसले. थांबा आला. धुरळा आला. यष्टी आली, दार उघडलं, बाईनं मागं बघितलं, आणि तिच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले. चित्र तिथंच गोठलं. मग काळा पडदा, त्यावर एकच ओळ, सिग्नल नाही.

मी रडले, माय. या वयात, पिठल्याचं ताट पुढ्यात घेऊन, भोकाड पसरून रडले. हे बाहेर जाऊन आले, छत्रीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "वाऱ्याला पाठ! आबांचीच लेक. मेल्यावरबी म्हातारा शीळ घालतोय." मग रडता रडता मला हसूच फुटलं. सिनेमाचं नाव कळलं होतं म्हणून यांनी मोबाईलवर शोध शोध शोधलं. दोन गाणी मिळाली, सिनेमा नाही. "परत लावतील, तेच तेच तर लावत असतात," असं म्हणून यांनी गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. आता रविवारी ती मला मिळायची नाही म्हणे.

तेव्हा बघून सांगायचं अजून राहिलंच आहे. हे पत्र डॅशबोर्डच्या खणात ठेवते, गाडीच्या कागदांबरोबर. त्याला दुसरा पत्ता नाही. पण काल तो पडदा काळा झाल्यावर मला दुसरीच यष्टी आठवली, आणि तिच्याबद्दलचं एक तुला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगते.

त्या सिनेमानंतरच्या वर्षी तू मला शहरातल्या वसतिगृहात घातलंस. आबा नको म्हणत होते, तू ऐकलं नाहीस. खुलताबादच्या बाजारातून पेटी आणलीस, फुलं रंगवलेलीच हुडकून आणलीस. चितेगावच्या फाट्यावर संध्याकाळच्या यष्टीत मला चढवलंस आणि म्हणालीस, "मागं बघू नगं. मागं बघनाऱ्याला पुढचं दिसत नाय." पुढं सुट्टीत आल्यावर तू विचारलंस, बघितलं होतंस का मागं? मी म्हटलं, नाही.

बघितलं होतं, माय. मागच्या काचेतून, वळण येईपर्यंत. दिवस मावळत होता, आबांची शीळ मला यष्टीतसुद्धा ऐकू आली, एकदा आणि मग पुन्हा. तू रस्त्याच्या कडेला मातीत बसली होतीस, यष्टीकडे तोंड करून. तू उठली नाहीस.