काचेतला समुद्र आणि सतरा पायऱ्या

मी, कलगोंडा भाऊसाहेब मगदूम, वय वर्षे त्रेपन्न, धंदा पूर्वी संस्कृत शिकवण्याचा, हल्ली खिडकीतून कोल्हापूरच्या एस.ट्या बघण्याचा, राहणार निपाणी, ही माझी शेवटची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय बिघडले आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. पत्नीचा आहे, तो "झोपून लिहू नका, उठून बसा" एवढाच.

१. राहते घर माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचे आहे. शेजारी धाकटे बंधू रायाप्पा यांची तंबाखूची वखार. मधली भिंत पाडून वखार वाढवावी, ही त्यांची जुनी इच्छा. दुसरा झटका आल्यावर ते माझ्या उशाशी बसून डॉक्टरांना म्हणाले, "वहिनी कुठं जात्यात? मागली खोली हाय की त्यांना." मी शुद्धीवर होतो. सबब संपूर्ण घर, सदर भिंतीसह, पत्नी सौ. पद्मावती हिला देत आहे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून निघून जावे. तिच्या लेखी संमतीवाचून भिंतीत खिळाही ठोकू नये.

२. समुद्राची टाकी. जिना सतरा पायऱ्यांचा आहे व तो उतरण्यास मला चौदा महिने मनाई आहे. माझा जुना विद्यार्थी परशराम बेळगावात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. समुद्र पाहायचा राहिला, असे मी एकदा वर्गात बोललो होतो. ते याने लक्षात ठेवले, संस्कृतची शब्दरूपे मात्र ठेवली नाहीत. दिवाळीनंतर मालवणहून कॅनमध्ये खारे पाणी आणि पाच काळ्या पट्ट्यांचा बोटभर मासा घेऊन आला. "सर, तुम्हाला जाता येत न्हाई, म्हणून त्योच आणला." त्यासाठी काचेची टाकी मांडली, तिच्या तळाला वेदगंगेची वाळू आम्ही घातली. ती आमची पहिली चूक.

पंधरा दिवसांत वाळू, दगड, काच सगळ्यावर तपकिरी थर चढला. रायाप्पा म्हणाले, "अण्णा, माझ्या वखारीची धूळ न्हवं हां!" परशरामाने कळवले की ते शेवाळ आहे, नव्या टाकीत येतेच. पण आमच्याकडे ते वाढतच गेले. कारण पद्मावती. टाकीतले पाणी आटले की ती आडाचे पाणी, आम्ही पितो तसेच, फडक्याने गाळून, उकळून, निववून वर घाली. माशालाही आमचा जैन धर्म लावला होता. अखेर परशराम येऊन बघून हसला. "आक्का, उकळून जीव मरत्यात, पाण्यात विरघळलेला दगड न्हाई जात. वाळूतला आन् आडातला त्यो दगड खाऊनच हे वाढतंय."

तेव्हापासून गॅरेजमधले, बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घालतो. रायाप्पा विचारतात, "मासा स्टार्ट हुतोय का?"

काचेवरचे शेवाळ खरडण्यावरून मात्र घरात वाद झाला. पद्मावती म्हणाली, "सकाळी बस्तीत भगवंताचं दर्शन घेऊन यायचं आन् दुपारी जीव खरडायचे व्हय?"

"ते एकेंद्रिय," मी म्हणालो. "मासा पंचेंद्रिय."

"मग तुमीच खरडा. पाप तुमच्या नावावर."

सबब जाहीर करतो की, शेवाळ खरडण्याचे पाप, माझ्या मृत्यूनंतर झालेले धरून, सर्वस्वी माझ्या नावावर राहील. त्यात रायाप्पांनी वाटा मागू नये.

कृती अशी: आठवड्यातून एकदा माझ्या लाकडी फूटपट्टीने पुढची काच खरडावी. खिडकी दुपारी लावावी. सगळे पाणी एकदम बदलू नये; परशरामाच्या शब्दांत, "शेवाळानं मासा मरत न्हाई सर, आपल्या घाईनं मरतोय." वीज गेली व हवेचे यंत्र थांबले, तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून धार सोडावी.

३. पुस्तके व रिकामी झालेली टाकी परशरामास.

४. टाकी रिकामी कशी होईल, ते आता लिहितो. काच दिवसेंदिवस निवळते आहे. दुपारभर मी त्या माशाकडे पाहतो. चार वितींच्या टोकाला जातो, काचेला तोंड लावतो, वळतो. त्याची चूक काय, तर मला समुद्र पाहायचा होता. आणि लग्नाला एकोणतीस वर्षे झाली. पद्मावती कोल्हापूरच्या पलीकडे गेलेली नाही. गेल्या चौदा महिन्यांत तर बस्तीपलीकडेही नाही. तिला जिन्याची मनाई कोणी केलेली नव्हती.

तरी माझ्या मागे येणाऱ्या वैशाखात परशरामाने मासा कॅनमध्ये घालून मालवणला न्यावा व पद्मावतीला सोबत न्यावे. ती म्हणेल, घर कुणावर टाकू? किल्ली शेजारच्या भरमूआप्पांकडे द्यावी. मासा तिने स्वतःच्या हाताने सोडावा. त्यानंतर घाईने एस.टी. पकडू नये. परत कधी यायचे, आणि यायचे की नाही, हे तिने तिथे बसून ठरवावे.

पद्मावतीस साक्षीदार करता येत नाही, असे वकील सांगतात. एकोणतीस वर्षे ती तेच काम करते आहे.

निपाणी, दि. १९ डिसेंबर १९८४
(सही) क. भा. मगदूम

साक्षीदार: मगदूम सरांनी आमच्या समक्ष सही केली. सही करताना पुढची काच स्वच्छ होती व मासा स्पष्ट दिसत होता, हेही लिहावे असे सरांनी सांगितले, म्हणून लिहिले.
१. भरमू सातगोंडा चौगुले
२. डॉ. मष्णू यल्लाप्पा कांबळे